स्टुटगार्टला जाण्याआधी मुलांना घरात काय शिकवाल?

नाशिकच्या एका आईचा प्रश्न आहे. नवऱ्याला स्टुटगार्टजवळ नोकरी लागली आहे आणि पुढच्या जुलैत सगळे तिकडे जाणार आहेत. मुलगी तेव्हा सहा वर्षांची असेल, मुलगा नऊचा. दोघं इंग्रजी माध्यमात शिकतात. जर्मन भाषेचा क्लास लावला आहे, पण ‘संस्कृती’ घरी कशी शिकवायची? भिंतीवर नकाशा लावला, झेंडा आणला, सोळा राज्यांची नावं पाठ करून घेतली. आता पुढे काय? आणि शेवटी, घरात मराठी बोलणं थोडं कमी करावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. मराठी अजिबात कमी करू नका, उलट वाढवा. भाषेच्या अभिमानापोटी नाही, निव्वळ सोय म्हणून सांगते आहे. पुण्यात गेली सव्वीस वर्षं जर्मन शिकवते, त्याआधी पाच वर्षं तिकडे राहिले. इंग्रजीतून जर्मनकडे जाणारं मूल लांबून वळसा घालून जातं, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता त्यावर वाद घालत नाही.

आज रात्री जेवायला बसल्यावर मुलांना विचारा: तो चमचा, ती वाटी, ते ताट असं आपण का म्हणतो? जर्मन टेबलावरही तिन्ही लिंगं हजर असतात. चमचा ‘डेअर ल्योफेल’ म्हणजे पुल्लिंगी, काटा ‘दी गाबेल’ म्हणजे स्त्रीलिंगी, सुरी ‘दास मेसर’ म्हणजे नपुंसकलिंगी. निर्जीव वस्तूला लिंग असतं हे इंग्रजीतून समजावताना माझा घसा कोरडा पडतो. मराठी मुलाला ते समजवावंच लागत नाही. मुलीला जर्मनमध्ये ‘दास मेडशेन’ म्हणतात, म्हणजे चक्क नपुंसकलिंग, हे ऐकून वर्गात दर वर्षी हशा पिकतो. मग मी विचारते, तुमची आजी तुम्हाला लाडात काय म्हणते? ‘गुणाचं लेकरू’ म्हणते, आणि चिडली की ‘ते कार्टं’. झालं, प्रश्न मिटला. लहानग्यांना नपुंसकलिंग लावण्याची खोड दोन्ही भाषांना आहे.

आकड्यांचंही तसंच. एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो आणि वीस नंतर. जर्मनही ‘आइन-उंट-त्स्वानत्सिश’ म्हणजे ‘एक आणि वीस’ म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ वाचायला सांगितलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गंमत म्हणजे जर्मनीतही ‘वीस-एक’ म्हणायला सुरुवात करा म्हणणारी एक संस्था आहे आणि तिलाही कुणी फारसं मनावर घेत नाही. तुमची मुलं बहुधा ‘ट्वेंटी वन’वर वाढलेली असतील. त्यांना मराठी आकडे शंभरापर्यंत पक्के करून द्या. जर्मन आकड्यांचं अर्धं काम तिथेच होईल. एकोणतीस, एकोणचाळीस हा आपला खास तिढा तिकडे नाही, हे कळल्यावर तर मुलं सुटकेचा निःश्वास टाकतात.

घड्याळात मात्र सापळा आहे. ‘हाल्प आख्ट’ म्हणजे शब्दशः अर्धा आठ. तो साडेआठ नव्हे, साडेसात! आठव्या तासाचा अर्धा भाग झाला, असा हिशेब. आणि तुम्ही जाताय तो भाग स्वाबियन लोकांचा. तिथे अनेक जण सव्वासाताला ‘फिअर्टेल आख्ट’ म्हणजे ‘पाव आठ’ आणि पावणेआठाला ‘पाऊण आठ’ म्हणतात. उत्तरेकडचे जर्मनसुद्धा यात गोंधळतात. पाव, पाऊण, सव्वा, पावणे हे शब्द तोंडात खेळणाऱ्या मुलाला त्यातली मजा कळते. रोज सकाळी स्कूलबसची वेळ याच पद्धतीनं विचारत जा. आठवडाभरात जमेल.

तू आणि तुम्ही यांचा फरकही आयता आहे: ‘डू’ आणि ‘झी’. एकच सांगून ठेवा, आईवडील, आजीआजोबा, आत्या, मामा सगळे तिकडे ‘डू’. वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणणाऱ्या मुलांना ते आधी उद्धट वाटतं. देवालाही ते ‘डू’च म्हणतात. पण मग आपण तरी विठ्ठलाला कुठे ‘अहो’ म्हणतो?

हे झालं भाषेच्या आडून. आता नकाशा राहू द्या, पण झेंडा काढून ठेवा. फुटबॉलचा विश्वचषक सोडला तर जर्मन घरांवर झेंडे फारसे दिसत नाहीत, आणि त्यामागचं कारण मी पुढे सांगणार आहे. सोळा राज्यांची नावंही विसरली तरी चालतील. त्याऐवजी घरात एक जर्मन रविवार पाळून बघा.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून त्यांच्या राज्यघटनेतच संरक्षित आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकाच्या घटनेतलं ते कलम नव्या घटनेनं जसंच्या तसं उचललं. दूध संपलं तर स्टेशनवरच्या नाहीतर पेट्रोल पंपावरच्या दुकानात जावं लागतं. ड्रिल चालवायचं नाही, हातोडा नाही, धाडधूड नाही. मी तिकडे नवी होते तेव्हा एका रविवारी दुपारी रिकाम्या काचेच्या बाटल्या चौकातल्या मोठ्या पिंपात टाकायला गेले. आपण सुट्टीच्या दिवशीच अशी कामं उरकतो ना? तिसरी बाटली खळ्ळकन फुटली आणि वरच्या गॅलरीतून एका आजोबांनी अत्यंत सभ्य शब्दांत माझी जी हजेरी घेतली, ती आजही शब्दन्‌शब्द पाठ आहे. पिंपावर वेळा लिहिलेल्या होत्या. मी वाचल्याच नव्हत्या.

म्हणून महिन्यातला एक रविवार ठरवा. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळी खरेदी उरकायची, यादी मुलांनी करायची. रविवारी काहीही मागवायचं नाही. दुपारी एक ते तीन आवाज नाही, मिक्सरसुद्धा नाही. मग सगळ्यांनी फिरायला जायचं, आणि तेही कुठे पोचण्यासाठी नाही, नुसतं चालायला. पाऊस आला तरी जायचं. तिकडची लहान मुलं चिखलाची रबरी विजार चढवून पावसात बाहेर पडतात. वाईट हवा नसते, कपडे चुकीचे असतात, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. पहिल्या रविवारी मुलं कंटाळतील. कंटाळू द्या, तिकडच्या मुलांनाही रविवारी कंटाळा येतो.

स्टुटगार्टची आणखी एक खासियत आत्ताच ऐकून ठेवा: ‘केअरवोखं’, म्हणजे झाडण्याचा आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं जिना आणि दारापुढची वाट झाडायची. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला की ती शेजारच्या दाराला जाते. घरात अशी एक पुठ्ठ्याची पाटी करा आणि मुलांच्या खोल्यांच्या दारांवर फिरवा. नऊ वर्षांच्या मुलाला ‘संस्कृती’ या शब्दापेक्षा ही पाटी जास्त शिकवेल.

कचरा वेगळा करणं नाशिकच्या मुलांना नवं नाही, पण तिकडे डबे जास्त आणि शेजाऱ्यांचं लक्षही जास्त. डब्यांचे रंग गावागणिक थोडे बदलतात, म्हणून रंग पाठ करू नका. कागद, पॅकिंग, ओला, काच आणि उरलेला हे पाच गट हाताला कळले की पुरे. बाटल्यांची अनामत हा मुलांचा सगळ्यात आवडता भाग. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की पावती मिळते. ही अनामत म्हणजे ‘फांड’. घरात एक पिशवी ठेवा, प्रत्येक बाटलीला दोन रुपये, हिशेब मुलीकडे.

आता एक गोष्ट जी कुठल्याही चित्रांच्या पुस्तकात सापडणार नाही, आणि जिच्यामुळे आपली मुलं तिकडे खरोखर उपाशी राहतात. आपल्याकडे पाहुण्यानं ‘नको नको’ म्हणायचं आणि यजमानानं तिसऱ्यांदा ‘अहो घ्या हो’ म्हणत वाढायचं, ही रीत आहे. तिकडे एकदाच विचारतात. नाही म्हणालात तर नाही, ताट पुढे सरकतं. त्यात तुसडेपणा नसतो. तुमच्या शब्दाचा त्यांनी मान ठेवलेला असतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा मुलगा मित्राच्या वाढदिवसाला जाऊन केक न खाता परत आला आणि घरी येऊन रडला. त्यानं एकदाच ‘नको’ म्हटलं होतं. तेव्हा घरात खेळ लावा: एकदा विचारणार, उत्तर तेच अंतिम. आजीलाही यात सामील करून घ्या. तिला हे मुलांपेक्षा अवघड जाईल.

याचीच दुसरी बाजू म्हणजे मुलांनी ‘नाही’ स्पष्ट म्हणायला शिकणं. ‘बघू’, ‘चालेल’, ‘तसं काही नाही’ हे आपले गोल शब्द जर्मन शिक्षिकेला कळत नाहीत. समजलं नसेल तर ‘समजलं नाही’ असं तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं. आपल्याकडे मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवणं हा विनय. तिकडे त्याचा अर्थ काहीतरी लपवतोय असा होऊ शकतो.

वाढदिवसावरून आठवलं: आधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत. एक दिवस आधीसुद्धा नाही, तो अपशकुन मानतात. आणि निमंत्रणावर पार्टी सुरू होण्याची वेळ असते तशी संपण्याचीही असते. सहा म्हणजे सहा. न्यायला सव्वासहाला पोचलात तर तुमचं मूल बूट घालून दारात उभं असेल.

खाण्याचं थोडक्यात. संध्याकाळचं जेवण बऱ्याच घरांत थंड असतं: पाव, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो. त्याचं नावच ‘आबेंडब्रोट’, संध्याकाळचा पाव. तीन हजारांहून जास्त प्रकारचे पाव तिथल्या पाव-संस्थेच्या नोंदवहीत आहेत. राईच्या आंबट काळ्या पावाची चव इथे मिळणं कठीण, पण आठवड्यातून एकदा रात्री चूल न पेटवता जेवायची सवय तर लावता येईल. जेवायला सुरुवात करण्याआधी मात्र थांबायचं. तिकडच्या बालवाड्यांत मुलं हात धरून म्हणतात, ‘पीप, पीप, पीप, विअर हाबेन उन्स आले लीब, गूटेन आपेटीट’. चिवचिव, आपलं सगळ्यांचं एकमेकांवर प्रेम आहे, आता जेवा. ‘वदनी कवळ घेता’ म्हणणाऱ्या मुलीला हे एका दिवसात पाठ होईल. दोन्ही म्हणू द्या, एकामागून एक.

आणि बालवाडी म्हणाले तर हेही सांगते. फ्रीड्रिश फ्र्योबेल यांनी १८४० मध्ये ट्युरिंगियातल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथल्या आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ असं नाव दिलं, मुलांची बाग. आपला बालवाडी शब्दही त्याच चालीचा. कोकणातल्या माणसाला वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बागच. मुलीनं सीनिअर केजीचा दाखला हातात धरला की त्यातला ‘के’ कुठून आला ते तिला सांगा.

सणांपैकी मी फक्त दोनतीनच घ्यायला सांगेन. यादी मोठी झाली की घरात प्रदर्शन भरतं.

पहिला ११ नोव्हेंबरचा झांक्ट मार्टिन. चौथ्या शतकातला रोमन सैनिक मार्टिन थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला पाहून थांबला आणि तलवारीनं आपला झगा मधोमध कापून अर्धा त्याला दिला, अशी ती कथा. त्या सुमारास संध्याकाळी मुलं स्वतः केलेले कागदी कंदील काठीला लावून गाणी म्हणत फिरतात. तुमच्याकडे दिवाळीचा आकाशकंदील नुकताच उतरवलेला असतो, कामट्या आणि पतंगाचा कागद उरलेला असतो. त्यातूनच दोन छोटे कंदील करा. आपला कंदील घरावर टांगून राहतो, त्यांचा हातात धरून रस्त्यावर जातो. हा फरक मुलांना स्वतःला सुचू द्या. झगा अर्धाच का दिला, सगळा का नाही, हा प्रश्न सहा वर्षांची मुलं हमखास विचारतात. उत्तर तुमचं तुम्ही शोधा, मला आजवर एकही पटलेलं नाही.

दुसरा डिसेंबर. ५ तारखेच्या रात्री बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवायचे, ६ ला सकाळी त्यात निकोलाउसनं टाकलेलं संत्रं, अक्रोड, चॉकलेट सापडतं. चपला-बूट दाराबाहेर हा प्रकार मराठी घराला शिकवायला नको. नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते. ही प्रथा हांबुर्गमध्ये १८३९ साली योहान हिनरिश विशर्न यांनी सुरू केली. त्यांच्या आश्रमातली अनाथ मुलं ‘नाताळ कधी, नाताळ कधी’ म्हणून भंडावत होती, तर त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायला दिले.

पण डिसेंबरचा खरा प्राण ‘प्लेट्सशेन’, म्हणजे नाताळची छोटी बिस्किटं. ती म्हणजे त्यांचा दिवाळीचा फराळ, याहून चांगलं मला समजावता येत नाही. आयाआज्या एकत्र बसून लाटतात, मुलं साचे दाबतात आणि कच्चं पीठ खातात, पत्र्याचे डबे भरतात, शेजारी ताटली जाते आणि ती रिकामी परत येत नाही. साध्या पिठाचं प्रमाण तोंडपाठ होण्यासारखं आहे: एक, दोन, तीन. १०० ग्रॅम साखर, २०० लोणी, ३०० मैदा. बरेच जण अंडं घालतात. न घालताही होतात, पीठ थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलं की झालं. नानकटाई करणारा हात या पिठाला बुजत नाही. शंकरपाळ्याचं कातणं वापरलंत तरी चालेल, चंद्रकोर वाटीनं कापा.

ऑक्टोबरफेस्टच्या वाटेला जाऊ नका. तो म्युनिकचा, आणि स्टुटगार्टच्या माणसाला बव्हेरियाची चामडी विजार म्हणजे ‘जर्मन पोशाख’ असं सांगणं म्हणजे नागपूरकराला ‘तुमची कोळी टोपी कुठंय’ विचारणं. स्टुटगार्टची स्वतःची जत्रा आहे, कानश्टाटची, १८१८ पासूनची. तिची कथा मुलाला नक्की सांगा. १८१५ मध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, स्टुटगार्ट ज्याची राजधानी होती त्या वुर्टेम्बर्ग राज्यात लोक भुकेनं हैराण झाले. परिस्थिती सावरल्यावर राजा विल्हेल्मनं शेतकऱ्यांसाठी हा मेळा भरवला. फळा-धान्यांनी सजवलेला उंच खांब आजही तिथे उभारतात. इंडोनेशियाची राख आणि स्टुटगार्टचा आकाशपाळणा यांचा संबंध लागला की नऊ वर्षांचा मुलगा नकाशा स्वतःहून उघडेल.

गोष्टींमध्ये ग्रिम बंधू आहेतच. त्यांनी गोळा केलेल्या कथांचा पहिला खंड १८१२ चा. सुरुवात ब्रेमेनच्या गवयांपासून करा. म्हातारे झाले म्हणून घराबाहेर काढलेले गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा ब्रेमेनला गवई व्हायला निघतात. पुण्याला आलात तर औंधच्या ब्रेमेन चौकातून मुलांना घेऊन जा. ब्रेमेन आणि पुणे यांचा जुना स्नेह आहे. आणि मग विचारा, ते चौघं शेवटी ब्रेमेनला पोचले का? बहुतेक मोठ्यांनाही आठवत नाही. पोचतच नाहीत. वाटेत चोरांचं घर बळकावून तिथेच राहतात. तरीही ब्रेमेननं नगरभवनाशेजारी त्यांचा पुतळा उभारला आहे.

आता तो विषय, जो मुलांपुढे काढायला पालक कचरतात. आपल्याकडे कडक मास्तरांना सर्रास ‘हिटलर’ म्हणतात. त्याचं आत्मचरित्र इथल्या फुटपाथवर उघड विकलं जातं आणि ‘पण शिस्तीचा माणूस हो’ असं म्हणणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. तुमच्या मुलानं हा शब्द जर्मन वर्गात थट्टेत उच्चारला तर वर्ग शांत होईल आणि तुम्हाला शाळेत बोलावणं येईल. नऊ वर्षांच्या मुलाला साधेपणानं सांगता येतं: त्या राजवटीनं साठ लाख ज्यूंना, त्यात त्याच्या वयाची मुलंही होती, ठार मारलं, आणि आजचे जर्मन ते लपवत नाहीत, शाळेत शिकवतात. स्टुटगार्टच्या फुटपाथवर त्याला दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतील, त्यावर नाव आणि जन्मवर्ष. इथे अमुक राहत होते. गुंटर डेम्निग या कलाकारानं सुरू केलेलं हे काम आता युरोपभर पसरलं आहे. त्याला ते दगड थांबून वाचायला शिकवा. झेंडे कमी का दिसतात, याचंही उत्तर त्याच दगडांत आहे.

याच कारणानं स्वस्तिकाबद्दल घरात आधीच बोला. नाझींचं चिन्ह जाहीरपणे दाखवायला तिकडे कायद्यानं बंदी आहे. आपलं स्वस्तिक वेगळं, हजारो वर्षांचं, हे खरं. ते जाणणारे जर्मनही आहेत. पण जिन्यातून जाणाऱ्या शेजारणीला ते तुमच्या दारावर पाहून काय वाटेल, याचा विचार आपण करायचा. देवघरात, कलशावर काढा. दाराबाहेरच्या रांगोळीत आणि नव्या गाडीच्या पूजेत बॉनेटवर नको. मुलीच्या शाळेच्या वहीवर तर नकोच. हात वर करायचा झाला तर तिकडची मुलं तर्जनी वर करतात, तळहात ताठ पुढे नाही. हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

शेवटी मुलीसाठी. सप्टेंबरमध्ये ती पहिलीत जाईल, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात एक भलामोठा रंगीत शंकू असतो, ‘शूलट्यूटे’. सॅक्सनी-ट्युरिंगियाकडून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली ही पद्धत आता देशभर आहे. आत पेन्सिली, रंग, खाऊ, एखादं खेळणं. तो नसलेलं एकटंच मूल फोटोत उभं आहे, असा एक फोटो माझ्याकडे आहे. पालकांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही सत्तर सेंटिमीटरचा पुठ्ठा इथेच कापा, मुलीला हवं ते चिकटवू द्या, पण गुंडाळू नका. सपाटच सुटकेसच्या तळाशी जाऊ द्या, तिकडे पोचल्यावर शंकू वळा. टोकात चुरगळलेले कागद कोंबायचे म्हणजे तो ताठ राहतो आणि खाऊही कमी लागतो. वर नाशिकच्या चिवड्याचं पाकीट ठेवा. शंकू शाळेतून घरी आल्यावरच उघडायचा असतो, हे मात्र तिला आधी बजावून सांगा, नाहीतर फोटो काढेपर्यंत चिवडा संपलेला असेल.